जवसाचं फूल दुपारपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: ए.टी.डी. (चित्रकला शिक्षक पदविका) होऊन तीन वर्षं झाली. राहणं यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका खेड्यात, घरची सात एकर कोरडवाहू शेती. फाल्गुनात पळस फुलला की चित्र काढावंसं वाटतं, पण होतं ते कॅलेंडरावरच्या चित्रासारखं. पळस झडला की पुढचे दहा महिने हात चालत नाही. आमच्याकडे काढण्यासारखं आहे तरी काय? आणि गावात राहून चित्रकार म्हणून जगता येतं, की पुण्या-मुंबईला जावंच लागतं?

मुलीच्या वयाची आहेस म्हणून 'तू'च म्हणतो, राग मानू नकोस. मी चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे, शाळांच्या भिंती आणि माझी स्वतःची चित्रं, असं सगळं मिळून छत्तीस वर्षं ब्रशवरच पोट भरलं आहे. तेव्हा जगता येतं का, याचं उत्तर 'हो' आहे. कसं, ते पुढे सांगतो. आधी पळसाचं बोलू, कारण गाठ तिथं बसली आहे.

तू पाठवलेला चित्राचा फोटो पाहिला. झाड पूर्ण केशरी, मधूनमधून हिरवी पानं, मागे निळंशार आभाळ. पोरी, पळस भरात असतो तेव्हा त्याच्यावर पान नसतंच म्हटलं तरी चालेल. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण आपल्याला लहानपणापासून पाठ, म्हणून हात आपोआप पानं काढतो. आणि आभाळ म्हणशील, तर फाल्गुनात आपल्याकडे निळंशार आभाळ कुठं असतं? पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून झालेल्या असतात, हरभरा निघालेला असतो, वावरातली धूळ वर चढलेली असते. राखेत थोडी नीळ कालवावी तसं फिकट आभाळ असतं ते. त्या फिकट निळसर राखाडीवरच पळस पेटतो. केशरीच्या समोरचा रंग निळा, हे तू शिकली आहेस. पण निळाही तितकाच गडद लावलास की दोघं भांडतात आणि चित्र कॅलेंडर होतं. निळ्याला मागे बसू दे.

आता एक काम कर. फांदी तोडू नकोस. झाडाखाली सकाळी पडलेलं ताजं फूल उचल आणि हातात घेऊन अर्धा तास बस, ब्रश न उचलता. देठाकडचा पेला दिसेल, काळपट, शेवाळी झाक असलेला, बोट फिरवलं तर मखमल. त्यातून पाच पाकळ्या निघतात: एक मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि खालच्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार झालेल्या. आता ते फूल उन्हात तिरपं धर. पाकळीच्या बाहेरच्या अंगावर बारीक रेशमी लव आहे, ती चंदेरी दिसेल. पळसाचा केशरी रंग आतून पेटल्यासारखा असूनही वरून मऊ दिसतो, प्लास्टिकच्या फुलासारखा चकाकत नाही, त्याचं कारण ही लव. मला हे कळायला अकरा वर्षं लागली. त्याआधीचे माझे सगळे पळस चकाकणारे आहेत.

दुरून झाड धगधगताना दिसतं, त्यातलं अर्धं काम त्या काळ्या पेल्यांचं आणि वाघनखासारख्या काळ्या कळ्यांचं आहे. काळं नसेल तर केशरी नुसतं गोड होतं. पण बाटलीतला काळा वापरू नकोस, तो भोक पडल्यासारखा दिसतो. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन निळा घाल, अगदी थोडा सॅप ग्रीन हिरवा. फुलाची सावली करताना तपकिरीकडे जाऊ नकोस, लालाकडे जा. आणि फुलांच्या घोसांमधून आरपार दिसणारं आभाळ मोकळं सोड. पळस हा जाळीदार असतो, फुगा नसतो.

हे चूक-बरोबर सांगून भागत नाही, कारण मुळातली गोष्ट वेगळी आहे. आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वाटेनं आलो. स्मरणचित्र काढून काढून डोळ्याला एक सवय लागते: झाड म्हणजे असं, झोपडी म्हणजे अशी, दोन डोंगर आणि मध्ये सूर्य. मी स्वतः तालुक्यातल्या मुलांना या परीक्षांची तयारी करून देतो, म्हणून त्या परीक्षांना नावं ठेवत नाही. हात त्यांनीच बसतो. पण समोर झाड असतानाही आतलं पाठ केलेलं झाडच कागदावर उतरतं. त्या झाडाला कुठलीच वेळ नसते. सकाळचे आठ नाहीत, माघ नाही, फाल्गुन नाही. खऱ्या फुलाला वेळ असते. कुठल्याही ऋतूचं चित्र जमायचं असेल तर त्या फुलाची वेळ सांभाळावी लागते, माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं मी त्याभोवतीच सांगतो आहे.

आज जानेवारीचा दुसरा आठवडा. आमच्याकडे धान निघून गेल्यावर बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, लाखोळीचं कडधान्य आणि जवस उभा आहे. धान उभा असतानाच ओलीत बी फेकून देतात, उतेरा म्हणतात त्याला. नांगर नाही, पाणी नाही, धानाच्या उरलेल्या ओलीवर पीक येतं. सकाळी नऊ वाजता जवसाच्या बांधीकडे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहिलं तर बोडीतलं, लहान तळ्यातलं, पाणीच कोणी पसरून ठेवलंय असं वाटतं, इतका निळा. जवळ गेलं तर प्रत्येक फुलाला पाच पातळ पाकळ्या, आणि त्यांच्यावर केसाएवढ्या गडद शिरा. आणि बारा वाजता तिथंच जा. निळं गेलेलं असतं. पाकळ्या खाली मातीवर पडलेल्या, वर नुसतं हिरवं. दुसऱ्या दिवशी नवी फुलं, पुन्हा दुपारपर्यंतच.

पहिल्यांदा मी जवस काढायला बसलो तेव्हा साडेदहाला पोचलो होतो. पेन्सिलीनं रेखाटन नीट करावं म्हणून तासभर घालवला आणि रंग कालवेपर्यंत वावर हिरवं झालं. त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. आधी निळ्याचा पातळ थर, ओल्या कागदावर, पेन्सिल न लावता. कोबाल्ट निळा पातळ करून, त्यात अल्ट्रामरीनचा एक थेंब, आणि गुलाबीचा अगदी भास. रेषा, धुरा, मागचं बाभळीचं झाड हे सगळं नंतर. जे आधी जाणार ते आधी काढायचं. साधी गोष्ट आहे, पण माझी पुढची सगळी निसर्गचित्रं या एका गोष्टीवर उभी आहेत.

तू म्हणतेस, आमच्याकडे काय आहे, पऱ्हाटीच पऱ्हाटी. अगं, पऱ्हाटीचं फूल तू कधी तीन दिवस पाहिलं आहेस का? भादव्यात तुझ्याच वावरात एका झाडाला दोरा बांध आणि त्याचं एक फूल धर. पहिल्या दिवशी सकाळी ते दुधाळ असतं, फिक्या पिवळ्या झाकेचं. दिवस कलता कलता कडेनं गुलाबी चढायला लागतं. दुसऱ्या दिवशी पूर्ण गुलाबी, लालसर, मिटत आलेलं. मग सुकून गळतं आणि त्याच्या जागी बोंड धरतं. त्यामुळे एकाच झाडावर एकाच वेळी आजचं पांढरं आणि कालचं गुलाबी फूल असतं. निंदणाला गेलेल्या बायका हे रोज बघतात, पण चित्रात मी ते फार थोड्या वेळा पाहिलं. आता सगळीकडे बीटी कपाशी आहे, तिची फुलं अशीच दुधाळ. कुठं देशी कपाशी दिसली तर थांबून बघ. तिचं फूल पिवळं असतं आणि आत बुडाशी गडद लाल-जांभळा डाग. अंबाडीचंही तसंच, फिकट पिवळं आणि पोटात काळपट लाल. वावराच्या कडेनं भाजीसाठी लावलेली अंबाडी तुझ्या घरीही असेल.

म्हणजे दहा महिने रिकामे नाहीत. पळसानंतर मोह, मग बहावा, मृगानंतर बांधांवरचं गवत, श्रावणात तेरडा, भादव्यात पऱ्हाटी, दिवाळीच्या पुढे तूर, मग जवस आणि करडई, आणि काटेसावर फुलली की पळस पुन्हा दाराशी. यातलं सगळं काढायला जाऊ नकोस. वर्षाला दोन फुलं धर आणि त्यांच्या मागे लाग. मी एका वर्षी फक्त मोह काढला.

मोहाचं वेगळं सांगावं लागेल. चैत्रात पहाटे, अजून अंधार असताना, मोहाखाली उभं राहिलं की फुलं पडताना ऐकू येतात. वाळल्या पानांवर टप, टप. फूल रात्री उमलतं आणि त्याचा तो मांसल, पिवळसर पांढरा भाग उजाडता उजाडता गळतो. बायका, पोरं टोपल्या घेऊन चारपासून झाडाखाली. वास असा की डोकं जड व्हावं. हे चित्र झाडाचं नाही, जमिनीचं आहे, हे मला माझ्या आईनं शिकवलं. ती वेचताना वर बघायचीच नाही. मी कॅनव्हासवर झाड उभं करत बसलो होतो आणि ती म्हणाली, "वर काय पायतं रे, फूल तं खाली हाय." त्या वर्षीच्या सगळ्या चित्रांत झाडाचा फक्त बुंधा आहे, बाकी सगळी माती, सावली आणि त्यावर विखुरलेले फिके ठिपके. मोहाची नवी पालवी तांबूस असते, तिचा रंग त्या सावलीत थोडा उतरतो. तो सापडला की चित्राला पहाट येते.

आता थोडं सामानाचं, कारण आपल्या उन्हाची गोष्ट शहरातली पुस्तकं सांगत नाहीत. चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, कागदाच्या खालपर्यंत पोचायच्या आत वरून वाळलेला असतो आणि मध्ये कडक रेघ येते. साडेपाच ते आठ एवढंच बाहेरचं काम ठेव. कागदाखाली ओला टॉवेल घाल, पॅलेटमधल्या रंगात मधाचा एखादा थेंब मिसळ, तो ओल धरून ठेवतो. जास्त घातलास तर पावसाळ्यात चित्र चिकट राहील आणि मुंग्या येतील. पावसाळ्यात कागदाला बुरशीचे ठिपके पडतात. कोरे कागद पत्र्याच्या पेटीत ठेव आणि ऊन पडेल तेव्हा उघडून वारा दे.

तैलरंगातलं तेल हे जवसाचंच, हे तुला माहीत असेल. माझ्या तरुणपणी मला वाटलं, घाण्यावरचं तेल घरात आहे तर बाटली विकत का आणायची. आषाढात एक मोठं चित्र त्या तेलात केलं. तीन महिने ते वाळलं नाही, बोट लावलं की ठसा, आणि शेवटी त्यावर बुरशी धरली. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं. घाण्याच्या ताज्या तेलात गाळ आणि चिकटा असतो, त्यात आषाढातली हवा. आता मी ते तेल महिनाभर निथळू देतो, वरचं नितळ काढून पसरट काचेच्या भांड्यात उन्हात ठेवतो, वर जाळी बांधतो, अधूनमधून ढवळतो. आपलं ऊन तिथं कामाला येतं. तेल मधासारखं दाट झालं की बाटलीत भरतो आणि रंगात थोडंच घालतो. ज्या वावराचं चित्र, त्याच वावरातलं तेल, याचं मला अजूनही सुख वाटतं. पण नवखेपणी विकतचंच शुद्ध तेल घे.

होळीला पळसाची फुलं गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळून आपण रंग करतो. त्यानं चित्र रंगवण्याचा मोह होतो. मीही रंगवलं होतं. ओसरीत टांगलेलं ते चित्र एका उन्हाळ्यात चहा सांडल्यासारखं झालं. तो रंग अंगावर खेळायचा, टिकाऊ चित्राचा नाही.

पोटाचं. इथंही ऋतूच मदतीला येतो, फक्त त्याच्याशी भांडायचं नाही. माझं वर्ष असं जातं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत हाताला काम भरपूर: तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, गणपती, मग दुर्गा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे. दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, होळीपर्यंत रात्ररात्र प्रयोग चालतात, आणि त्यांना पडदे पावसाळ्यातच लागतात. जंगल, महाल, रस्ता, गरिबाचं घर. वीस-पंचवीस फुटी मांजरपाट, पिवडी, गेरू, नीळ, काजळी, खडू आणि रंग धरून ठेवायला सरस. ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की दोन पायऱ्या फिका होतो, हे मला पडद्यांनीच शिकवलं. रात्रीच्या दिव्यात वीस ओळी मागे बसलेल्या म्हाताऱ्याला जंगल दिसलं पाहिजे, तिथं बारीक पानं काढून उपयोग नाही, काळोखाचे आणि उजेडाचे मोठे तुकडे लागतात. या कामाला हलकं समजू नकोस. माझ्या मोहाच्या चित्रांतली माती त्या पडद्यांमधून आली आहे.

दिवाळी ते होळी मी माझ्यासाठी राखतो. मंडळ्यांचा तो हंगाम असतो, त्यांना माझी गरज नसते, आणि जवस, सावर, पळस याच काळात येतात. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत शाळा-अंगणवाड्यांच्या बोलक्या भिंती. फ्लेक्स आलं तेव्हा पाट्यांचं काम दोन वर्षांत संपलं. ती वर्षं वाईट गेली, घरात बोलणंही कमी झालं होतं. भिंतींनी आणि मुलांच्या शिकवणीनं तारलं. एका संस्थेनं पन्नास फुटांची भिंत करून घेतली आणि पैसे आजतागायत दिले नाहीत, तेव्हापासून मी अर्धे पैसे आगाऊ आणि कागदावर सही घेतल्याशिवाय डबा उघडत नाही. तुला मुलगी म्हणून लोक आणखी टाळाटाळ करतील. संकोच करू नकोस, पहिल्याच दिवशी फुटाचा भाव सांग आणि त्याखाली उतरू नकोस.

जायचं की राहायचं, हे मी ठरवून देणार नाही. चित्रकार सय्यद हैदर रझांचा जन्म 1922 चा, आपल्या उत्तरेला मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. बालपण जंगलात गेलं, कलेचं शिक्षण 1939 ते 1943 नागपुरात झालं, पुढे ते मुंबईला आणि 1950 मध्ये फ्रान्सला गेले आणि जवळपास साठ वर्षं तिथं राहिले. 2016 मध्ये दिल्लीत गेले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांना मंडल्यात वडिलांच्या शेजारी दफन केलं. लहानपणी पाहिलेली जंगलातली काळोखी रात्र आणि तिच्यानंतरची सकाळ त्यांनी पॅरिसमध्ये बसून रंगवली. तेव्हा जायचं असेल तर खुशाल जा, प्रदर्शनं बघ, मोठी चित्रं समोर उभी राहून बघ, तेवढं आपल्याकडे नाही आणि त्याची उणीव मला आयुष्यभर जाणवली आहे. फक्त इथलं एक वर्ष पूर्ण पाहून जा. एक मृग ते दुसरा मृग.

वही कर. प्रत्येक पानावर एकच फूल, आणि मागे तारीख, वेळ, ऊन होतं की ढग, एवढंच लिही. चांगलं आलं की वाईट, ते लिहू नकोस. तुमच्याकडे जवस कमी झाला असला तरी हरभऱ्याच्या कडेनं कोणी ना कोणी चार ओळी चटणीपुरत्या पेरतोच. त्या शोध, या आठवड्यातच, आठच्या आत तिथं जाऊन बस आणि बारापर्यंत ऊठू नकोस, फुलं गळताना बघ. महिनाअखेर पळसाला काळ्या कळ्या धरायला लागतील. त्यांची चित्रं आधी काढ. त्या दिवशी केशरी रंगाची ट्यूब घरीच ठेव.